लॉगमध्ये एसीपीआय एररचा पूर: बफर ६६ चा हवा, मिळाला ३२ चा

सर्व्हर नीट चालू आहे. वेबसाइट उघडते, डेटाबेस उत्तर देतो, लोडही नेहमीइतकाच. पण लॉग उघडला की पानंच्या पानं एकच रड:

एसीपीआय एरर: एसएमबस/आयपीएमआय/जेनेरिकसीरियलबस राइट रिक्वायर्स बफर ऑफ लेंग्थ ६६, फाउंड लेंग्थ ३२
एसीपीआय एरर: मेथड पार्स/एक्झिक्यूशन फेल्ड [\_एसबी_.पीएमआय०._पीएमएम], एई_एएमएल_बफर_लिमिट
एसीपीआय एक्सेप्शन: एई_एएमएल_बफर_लिमिट, इव्हॅल्युएटिंग _पीएमएम

(कमांड आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर नेहमीचं रोमन स्पेलिंगच वापरायचं.)

रॅक सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं, आणि एकदा आलं की सहजासहजी जात नाही. कोणीतरी मॉड्यूल (ड्रायव्हरचा सुटा भाग) काढून लॉग शांत करतं, पुढच्या रीबूटला पुन्हा सुरू. नवा मॉनिटरिंग एजंट बसवला, पुन्हा सुरू. मशीन नव्या इमेजवरून उभं केलं, पुन्हा सुरू. शोधाशोध केली की मिळणारे बरेचसे उपाय लॉगचं तोंड दाबायला सांगतात: हा संदेश गाळा, तो स्तर कमी करा. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. ज्या वाटेने हा निरर्थक गोंगाट येतो, त्याच वाटेने मेमरी खराब होत असल्याची खरी तक्रारही येते. गाळणी लावली की दोन्ही अडकतात. म्हणून संदेश कोणामुळे छापला जातोय ते आधी शोधायचं आणि तिथे उपाय करायचा.

तीन ओळींत काय लिहिलंय

एसीपीआय म्हणजे मदरबोर्डचं फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला करार. फर्मवेअर बूट होताना काही टेबलं मेमरीत ठेवतं, आणि त्यांत एएमएल नावाच्या भाषेत छोटे प्रोग्राम असतात. पंखा कसा फिरवायचा, वीज किती खर्च होतेय ते कसं विचारायचं, अशा कामांचे. हे प्रोग्राम कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः चालवतो. त्यासाठी लिनक्समध्ये, तसंच फ्रीबीएसडीमध्येही, इंटेलने सुरू केलेला एसीपीआयसीए हा दुभाषा वापरला जातो. वरच्या पहिल्या दोन ओळी या दुभाष्याच्या आहेत. फर्मवेअरने लिहिलेला प्रोग्राम चालवताना त्याला चूक सापडली, एवढंच तो सांगतोय.

सेंटओएस ७ च्या काळातल्या मशीनवर ओळीच्या शेवटी कंसात २०१३०५१७ असा आकडा दिसतो. तो एरर कोड नाही, एसीपीआयसीएच्या आवृत्तीची तारीख आहे: २०१३, मे, १७. त्यापुढे सोर्स फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. कर्नल बदलला की हे सगळं बदलतं, त्यामुळे त्या आकड्यावरून शोध घेण्यात अर्थ नसतो. शोध घ्यायचा तो चौकटी कंसातल्या मेथडच्या नावाने.

मेथडचं नाव आहे _पीएमएम, म्हणजे पॉवर मीटर मेझरमेंट. सर्व्हर या क्षणी किती वॅट खातोय ते सांगणारी मेथड. जून २००९ मध्ये आलेल्या एसीपीआय ४.० मध्ये वीजमापनाची ही सोय आली. लिनक्समध्ये एसीपीआय_पॉवर_मीटर हा ड्रायव्हर ती वापरतो. फर्मवेअरच्या टेबलात एसीपीआय०००डी अशी ओळख असलेलं उपकरण दिसलं की तो आपोआप लोड होतो, कोणी मागितला नसला तरी.

आता ६६ आणि ३२. विजेचा आकडा प्रत्यक्षात मुख्य प्रोसेसरकडे नसतो. तो मदरबोर्डवरच्या बीएमसीकडे असतो, म्हणजे आयलो, आयड्रॅक वगैरे नावांनी आपण ज्याला ओळखतो त्या छोट्या स्वतंत्र कंट्रोलरकडे. त्याच्याशी बोलायचं आयपीएमआय या ठरलेल्या भाषेतून. एसीपीआयमधून आयपीएमआयचा निरोप पाठवताना बफर, म्हणजे निरोप ठेवायची मेमरीतली जागा, ठरलेल्या मापाचा लागतो: १ बाइट स्थितीसाठी, १ बाइट लांबीसाठी आणि ६४ बाइट मजकुरासाठी, एकूण ६६. फर्मवेअर लिहिणाऱ्याने प्रोग्राममध्ये ३२ बाइटचा बफर दिला. एसीपीआयसीएने माप पाहिलं, कमी भरलं, आणि काम नाकारलं. निरोप बीएमसीपर्यंत गेलाच नाही.

म्हणजे पॉवर सप्लाय बिघडलेला नाही, बीएमसी मेलेला नाही, डेटाला धोका नाही. विजेचा आकडा या वाटेने मिळत नाही, एवढंच. ही चूक टेबलातली आहे आणि ती पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. मग लॉग अलीकडेच का भरायला लागला?

विचारतंय कोण

सगळी मेख इथे आहे. कर्नल स्वतःहून वॅट मोजत बसत नाही. ड्रायव्हर फक्त एक फाइल मांडून ठेवतो, पॉवर१_अ‍ॅव्हरेज नावाची, आणि कोणीतरी ती वाचली तरच _पीएमएम चालते. वाचन यशस्वी झालं तर ड्रायव्हर उत्तर थोडा वेळ जपून ठेवतो आणि लगेच कोणी पुन्हा विचारलं तर तेच देतो. पण अपयश जपून ठेवलं जात नाही. त्यामुळे नादुरुस्त मशीनवर प्रत्येक वाचनाला नवी हाक, नवं अपयश, आणि लॉगमध्ये नव्या ओळी.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. एका टर्मिनलवर डीमेसेज ‘डब्ल्यू’ पर्यायासह चालू ठेवा, म्हणजे नवे संदेश येतील तसे दिसतील. दुसऱ्या टर्मिनलवर /सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन या फोल्डरात जा. आत एचडब्ल्यूमॉन०, एचडब्ल्यूमॉन१ असे फोल्डर असतील. प्रत्येकातली ‘नेम’ फाइल कॅटने वाचा. जिच्यात पॉवर_मीटर लिहिलंय तो आपला. पॉवर१_अ‍ॅव्हरेज ही फाइल त्याच फोल्डरात किंवा त्याच्या आतल्या ‘डिव्हाइस’ फोल्डरात सापडेल. ती कॅट करा. वॅटचा खरा आकडा मिळत नाही, आणि त्याच क्षणी पहिल्या टर्मिनलवर त्या तीन ओळी टपकतात. पुन्हा कॅट, पुन्हा तीन ओळी. हे दिसलं की निदान झालं. पुढचं सगळं त्या फाइलला हात कोण लावतंय ते शोधण्याचं काम.

पहिला सुगावा वेळेचा. जर्नलसीटीएलला ‘के’ पर्याय दिला की फक्त कर्नलचे संदेश दिसतात, त्यांच्या वेळा पाहा. दर १५ सेकंदांनी येत असतील तर प्रॉमिथियससारखं मॉनिटरिंग. दर मिनिटाला असतील तर झॅबिक्स या मॉनिटरिंगचा आयटम किंवा क्रॉनने वेळेवर चालवलेलं काम. बरोबर पाच मिनिटांनी असतील तर जुन्या धाटणीची ग्राफ काढणारी स्क्रिप्ट. संदेशांचं अंतर म्हणजे विचारणाऱ्याचं वेळापत्रक. अंतर अगदीच वेडंवाकडं असेल तर बहुधा विचारणारे दोन आहेत आणि त्यांची वेळापत्रकं एकमेकांत मिसळली आहेत.

दुसरा सुगावा थेट नाव सांगतो. बीसीसी या साधनसंचातलं ओपनस्नूप चालवा. कोणती प्रोसेस कोणती फाइल उघडतेय ते ओळीओळीने दिसतं. त्यातून पॉवर१ हे नाव ग्रेप करा. नोड एक्सपोर्टर, कलेक्टडी, टेलिग्राफ, नेटडेटा यांपैकी कोणीतरी सापडतंच. कधी नुसतं ‘सेन्सर्स’ असं नाव येतं आणि पाहायला जावं तोवर ती प्रोसेस संपलेली असते. अशा वेळी त्याच संचातलं एक्झेकस्नूप लावून तिचा पालक कोण ते पाहा. तो क्रॉन निघतो किंवा एखाद्या एजंटने चालवलेली शेल स्क्रिप्ट. ही साधनं बसवता येत नसतील तर साधा उपाय: संशयित सेवा एकेक करून थांबवा आणि एक पूर्ण अंतर वाट पाहा.

प्रॉमिथियसला आकडे पुरवणाऱ्या नोड एक्सपोर्टरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो आता जवळपास सगळीकडे आहे. त्याचा एचडब्ल्यूमॉन कलेक्टर मुळातच चालू असतो. कोणी तापमानाचा आलेख मागितलेला नसतो, विजेचा तर नाहीच, तरी तो सगळ्या सेन्सर फाइली वाचून काढतो. बरीच वर्षं शांत असलेला सर्व्हर मॉनिटरिंग बसवल्याच्या दिवसापासून बोंबलायला लागतो तो यामुळेच.

नुकसान नक्की कशाचं होतं

हिशोब करून पाहू. दर १५ सेकंदांनी एक वाचन म्हणजे दिवसाला ५,७६० वाचनं. प्रत्येकी तीन ओळी, म्हणजे १७,२८० ओळी. ओळ सरासरी १२० बाइटची धरली तर दिवसाला साधारण २ एमबी. यात डिस्क भरत नाही.

पण कर्नलचा स्वतःचा रिंग बफर, ज्यातून डीमेसेज वाचतो, तो अनेक वितरणांत २५६ केबीच्या आसपास असतो. या वेगाने तो तीनेक तासांत पूर्ण बदलतो. बूट होतानाचे संदेश गेले, मध्यरात्री डिस्क कंट्रोलरने एकदाच केलेली तक्रार गेली. सकाळी येऊन डीमेसेज पाहणाऱ्याला फक्त बफर ६६, बफर ३२ एवढंच दिसतं. आणि माणसाचं व्हायचं तेच होतं: काही आठवडे हे पाहिलं की डोळे कर्नलच्या ओळींवर थांबायचेच बंद होतात. या बिघाडातलं खरं नुकसान हेच आहे.

डिस्क खरोखर भरते ती दुसऱ्या जातीच्या पुरात, जिथे सेकंदाला शंभर ओळी येतात. तेव्हा दिवसाला १ जीबीच्या वर जातं, आणि आरसिसलॉग (मजकुराच्या लॉग फाइली लिहिणारी सेवा) बसवलेल्या डेबियनवर तीच ओळ सिसलॉग, कर्न.लॉग आणि जर्नल अशी तीन ठिकाणी लिहिली जाते. जर्नलचं तितकं भय नाही, ते डिफॉल्टने फाइलसिस्टिमच्या १० टक्के किंवा ४ जीबी, यांतलं जे कमी असेल तेवढ्यावर स्वतःला रोखतं. मजकुराच्या फाइलींना तसा लगाम नसतो, त्या लॉगरोटेटच्या भरवशावर असतात आणि तो सहसा दिवसातून एकदाच येतो. जर्नलडीची वेगमर्यादा वाचवेल असंही समजू नका. ती सेवागणिक लागू होते, कर्नलच्या संदेशांना तिचा अटकाव होत नाही.

लॉग जिथे असतात ते /व्हार भरलंच असेल तर आधी जागा करा, निदान नंतर. त्यात एक फसगत नेहमीची आहे: मोठी लॉग फाइल आरएमने उडवली तरी डीएफमध्ये जागा सुटत नाही, कारण आरसिसलॉगने ती उघडी धरलेली असते. एलएसओएफला ‘+एल१’ पर्याय दिला की अशा उडवलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइली दिसतात. फाइल उडवण्याऐवजी ट्रंकेटने शून्यावर आणावी. आणि त्याआधी तिच्या शेवटच्या काही हजार ओळी दुसऱ्या मशीनवर काढून ठेवाव्यात, पुढे लागतात.

उपाय, ज्या क्रमाने मी करतो त्या क्रमाने

आधी फर्मवेअर. /सिस/क्लास/डीएमआय/आयडी या फोल्डरात बायोस_व्हर्जन आणि बायोस_डेट या फाइली आहेत, त्या वाचा आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरच्या ताज्या आवृत्तीशी ताडून पाहा. बायोस आणि बीएमसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींची आवृत्ती पाहा. आवृत्तीच्या टिपणात पॉवर मीटर, एसीपीआय किंवा _पीएमएम असा उल्लेख असेल तर हाच खरा इलाज, मेन्टेनन्सची वेळ मागून घ्या. उल्लेख नसेल तर केवळ या संदेशासाठी चालत्या उत्पादन सर्व्हरचं बायोस बदलायला मी जाणार नाही. जुन्या मशीनना नवीन फर्मवेअर येणं बंद झालेलं असतं तेही आहेच.

मग विचारणाऱ्याला थांबवा. विचारणारा एलएम-सेन्सर्सची (सेन्सर वाचणारी) लायब्ररी वापरत असेल तर /ईटीसी/सेन्सर्स.डी मध्ये एक छोटी फाइल टाकायची, दोनच ओळींची: पहिलीत चिप "पॉवर_मीटर-एसीपीआय-०", दुसरीत इग्नोर पॉवर१. सेन्सर्स कमांड आणि कलेक्टडीसारखे त्या लायब्ररीवर चालणारे एजंट त्यानंतर ती फाइल वाचत नाहीत. नोड एक्सपोर्टरवर मात्र या फाइलचा काहीही परिणाम होत नाही, कारण तो लायब्ररीला न विचारता थेट सिसएफएस, म्हणजे /सिस मधल्या फाइली, वाचतो. त्याच्या नव्या आवृत्त्यांत एखादी चिप वगळण्याचा पर्याय आहे. जुन्यात संपूर्ण एचडब्ल्यूमॉन कलेक्टर बंद करावा लागतो आणि मग तापमानही जातं. तापमान गमावणं मला पटत नाही, म्हणून जुन्या एक्सपोर्टरच्या बाबतीत मी पुढच्या उपायाकडे जातो.

तो उपाय म्हणजे ड्रायव्हरच न ठेवणं. आत्ताच्या आत्ता शांतता हवी असेल तर आरएममॉड एसीपीआय_पॉवर_मीटर. फाइल नाहीशी होते, विचारायला काही उरत नाही. कायमसाठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक फाइल आणि तिच्यात ‘ब्लॅकलिस्ट एसीपीआय_पॉवर_मीटर’. यात गमावतो काय? जो आकडा मिळतच नव्हता तो. विजेचा खर्च पाहायचा असेल तर आयपीएमआयटूलला ‘डीसीएमआय पॉवर रीडिंग’ विचारा, किंवा बीएमसीला नेटवर्कवरून रेडफिशने विचारा. बीएमसीने ती सोय दिलेली असेल तर दोन्ही वाटा एएमएलला वळसा घालून जातात आणि आकडा नीट मिळतो.

ब्लॅकलिस्ट करूनही परत का येतं

यावर सगळ्यात जास्त लोक अडतात. कारणं साधारण तीन.

पहिलं, इनिटरॅमएफएस. बूटच्या सुरुवातीला कर्नल जी छोटी प्रतिमा उघडतो तिच्यात मॉडप्रोबच्या सेटिंगची जुनी प्रत असते. मॉड्यूल तिथूनच लोड झालं तर तुमची नवी फाइल वाचायची वेळच येत नाही. रेड हॅट घराण्यात ड्रॅकट ‘एफ’ पर्यायासह, डेबियन आणि उबुंटूत अपडेट-इनिटरॅमएफएस ‘यू’ पर्यायासह चालवून प्रतिमा नव्याने बनवा.

दुसरं, ब्लॅकलिस्ट या शब्दाचा आवाका आपण समजतो त्यापेक्षा लहान आहे. उपकरण दिसल्यावर ओळखीवरून आपोआप होणारं लोडिंग तो थांबवतो. कोणी नाव घेऊन मॉडप्रोब केलं तर मॉड्यूल मुकाट्याने लोड होतं. आणि नाव घेणारे असतात: सेन्सर्स-डिटेक्टने लिहून ठेवलेली यादी, डेबियनची /ईटीसी/मॉड्यूल्स, कोणाची तरी बूट स्क्रिप्ट. त्याच फाइलमध्ये ‘इन्स्टॉल एसीपीआय_पॉवर_मीटर /बिन/फॉल्स’ अशी दुसरी ओळ घाला, मग नाव घेऊनही लोड होत नाही.

तिसरं, तुम्ही हाताने केलेला बदल अ‍ॅन्सिबल किंवा पपेट अशा सेटिंग आपोआप लावणाऱ्या साधनाने रात्रीत पुसला. बदल सर्व्हरवर करण्याऐवजी प्लेबुकमध्ये करा आणि फक्त त्या मॉडेलच्या मशीननाच लावा. जिथे वीजमापन नीट चालतं तिथून ते काढण्याचं कारण नाही.

रीबूटनंतर एलएसमॉडमध्ये पॉवर_मीटर शोधा. दिसत नसेल तर काम झालं.

जुळा भाऊ: ‘नो हँडलर फॉर रीजन’

कधी बफरची तक्रार नसते, तर ‘नो हँडलर फॉर रीजन ... [आयपीएमआय]’ आणि सोबत एई_नॉट_एक्झिस्ट असं येतं. मेथड _पीएमएम असेल, _पीएमसी असेल किंवा _जीएचएल. दिसायला तसंच, पण रोग निराळा. इथे फर्मवेअरचा प्रोग्राम चुकलेला असेलच असं नाही. एएमएलला आयपीएमआयशी बोलायचं आहे आणि ते बोलणं पोचवणारं एसीपीआय_आयपीएमआय हे मॉड्यूल लोडच झालेलं नाही, किंवा पॉवर मीटरनंतर लोड झालं.

इथे ब्लॅकलिस्ट करण्याची घाई नको. आधी पॉवर मीटर काढा, मॉडप्रोबने एसीपीआय_आयपीएमआय लोड करा, मग पॉवर मीटर परत लोड करा आणि फाइल कॅट करून पाहा. वॅट दिसले तर प्रश्न फक्त क्रमाचा होता. मॉडप्रोब.डी मध्ये ‘सॉफ्टडेप’ ओळीने हा क्रम कायमचा लावता येतो. डेल मशीनवर आयपीएमआय तयार होईपर्यंत पॉवर मीटरने थांबावं, अशी दुरुस्ती २०२४ मध्ये लिनक्स कर्नलमध्येच आली आहे, त्यामुळे नव्या कर्नलवर हे आपसूक सुटलेलंही असू शकतं.

जे करू नये

कर्नलला लॉगलेव्हल=३ देणं. त्याने फक्त कन्सोलच्या पडद्यावरचं छापणं कमी होतं. रिंग बफर, जर्नल, फाइली, सगळीकडे ओळी तशाच येत राहतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एसीपीआय=ऑफ देणं. आजच्या सर्व्हरवर प्रोसेसरची गणती, इंटरप्टची वाटणी, सगळं एसीपीआयच्या टेबलांवर उभं असतं. ती बंद केली तर मशीन बूट झालं तरी अपंग होतं. एका बडबड्या मेथडसाठी एवढी किंमत कोणी मोजू नये.

आरसिसलॉगमध्ये ‘हा मजकूर असेल तर स्टॉप’ असा नियम लावणं. फर्मवेअरची दुरुस्ती येईपर्यंत चार दिवस नाइलाजाने, पूर्ण ओळ जुळवून लावला तर समजू शकतो. पण रिंग बफर त्यानेही वाहतोच. आणि नियम सैल लिहिला तर घात होतो. असा एक सर्व्हर मी जवळून पाहिला आहे. तिथे कर्नलच्या ज्या ओळीत ‘एरर’ हा शब्द असेल ती टाकून द्या असा नियम होता, या बफरच्या पुराला कंटाळून कोणीतरी लावलेला. मेमरीची एक पट्टी हळूहळू खराब होत होती. दुरुस्त झालेल्या चुकांचे संदेश येत होते आणि त्याच नियमात गळत होते. एका दुपारी दुरुस्त न होणारी चूक आली आणि मशीन ऐन कामात बंद पडलं. इशारा दिलेला होता, तो वाचायला कोणाला मिळाला नाही. हे मला फार लागलं, आणि तेव्हापासून गाळणीचा नियम दिसला की आधी तो काढून पाहतो.

ज्या ओळींवर थांबलंच पाहिजे

कर्नलने आपल्या परीने खुणा ठेवल्या आहेत. चौकटी कंसात ‘फर्मवेअर बग’, ‘फर्मवेअर वॉर्न’ किंवा ‘फर्मवेअर इन्फो’ असेल तर कर्नल फर्मवेअरच्या लिखाणाकडे बोट दाखवतोय. यांतल्या बऱ्याच ओळी बूटच्या वेळी एकदाच येतात आणि सावकाश वाचल्या तरी चालतात. ‘हार्डवेअर एरर’ असा कंस असेल तर तो वस्तूकडे बोट दाखवतोय. तिथे सावकाश चालत नाही.

फसवी ओळ म्हणजे एपीईआय जेनेरिक हार्डवेअर एरर सोर्सची. तिच्या खाली इंग्रजीत असं वाक्य येतं की ही चूक हार्डवेअरने दुरुस्त केली आहे, आणखी काही करण्याची गरज नाही. त्या एका चुकीपुरतं ते खरं आहे. तीच ओळ त्याच पट्टीसाठी तासातासाला यायला लागली तर गरज आहे. रासडेमन (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी सेवा) बसवलेलं असेल तर रास-एमसी-सीटीएलला सारांश विचारा, कोणत्या स्लॉटवर किती चुका ते दिसतं. आयपीएमआयटूल ‘सेल ईलिस्ट’ने बीएमसीची स्वतःची नोंदवही वाचा. कर्नल आणि बीएमसी दोघंही एकाच पट्टीचं नाव घेत असतील तर पट्टी बदलायची, चर्चा करायची नाही.

दुसरी पीसीआय एक्सप्रेसची: ‘पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी=करेक्टेड, टाइप=फिजिकल लेयर’. सेकंदाला डझनांनी येणारा आणि डिस्क भरणारा पूर बऱ्याचदा हाच. त्यावर पीसीआय=नोएईआर द्यायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने चुका मोजणंच बंद होतं, चुका होत राहतात. ओळीतला पत्ता एलएसपीसीआयमध्ये शोधा, कार्ड कोणतं ते कळेल. मशीन बंद करून कार्ड काढून नीट बसवा, रायझर (कार्ड आणि बोर्ड जोडणारी पट्टी) तपासा, जमलं तर स्लॉट बदला. चूक कार्डासोबत फिरली तर कार्ड, स्लॉटपाशीच राहिली तर बोर्ड किंवा रायझर. हे सगळं स्वच्छ निघालं तर पीसीआयई_एएसपीएम=ऑफ देऊन पाहा (एएसपीएम म्हणजे वीज वाचवायला लिंक झोपवण्याची सोय). लिंक झोपताना-उठताना होणाऱ्या चुका त्याने थांबू शकतात, आणि सर्व्हरवर त्या बचतीतून फारसं हाती लागत नसतं.

संदेश फारसे नाहीत पण केवर्कर ही कर्नलची प्रोसेस सीपीयू खातेय असं असेल तर /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स पाहा. जीपीई (हार्डवेअरकडून येणाऱ्या एसीपीआय सूचना) नावाच्या फाइलींपैकी एखादीचा आकडा सेकंदागणिक हजारांनी वाढत असेल तर तिच्यात ‘डिसेबल’ लिहून ती बंद करता येते. ती कशासाठी होती ते मात्र आधी पाहावं.

निर्मात्याकडे तक्रार करताना

तक्रार कराच, वॉरंटीत असो वा नसो. ‘लॉगमध्ये एरर येतोय’ एवढंच लिहिलं तर पहिल्या पायरीवरचा माणूस ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसवायला सांगतो. त्याऐवजी एसीपीआयडम्पने टेबलं काढा, एसीपीआयएक्सट्रॅक्टने वेगळी करा आणि आयएएसएलने उलगडून त्यात _पीएमएम शोधा. वाचता येण्याजोगा मजकूर मिळतो. मेथडमधून ज्या बफरकडे वाट जाते त्याची घोषणा ०एक्स२० अशी दिसू शकते. हेक्साडेसिमलमधलं २० म्हणजे आपले ३२. लागणारे ६६ म्हणजे ०एक्स४२. ती ओळ, लॉगमधले तीन संदेश, बायोस आणि बीएमसीची आवृत्ती, आणि ‘पॉवर१_अ‍ॅव्हरेज ही फाइल वाचली की लगेच’ हे पुनरावृत्तीचं एक वाक्य, एवढं तक्रारीला जोडा. असं टिकीट फर्मवेअर लिहिणाऱ्यांपर्यंत पोचण्याची शक्यता बरीच जास्त असते. टेबल स्वतः दुरुस्त करून कर्नलकडून बदलून घेण्याची सोय लिनक्समध्ये आहे, पण ती उत्पादन सर्व्हरवर वापरू नका. पुढच्या बायोस अपडेटनंतर तुमचं जुनं टेबल नव्या फर्मवेअरवर बसेल आणि त्यातून निघणाऱ्या चुका कोणालाच उलगडणार नाहीत.

दुरुस्तीनंतर मॉनिटरिंगमध्ये एक मोजमाप जोडा: कर्नलच्या एरर स्तरावरच्या ओळी, दर तासाला किती. शांत सर्व्हरवर हा आकडा शून्याजवळ असतो. तो चढला की फोन वाजू द्या, मग ओळ फर्मवेअरची असो नाहीतर मेमरीची.